नवस फिटतो, मन का निवत नाही?

भाद्रपद शुद्ध चतुर्थी आली की नाशिकच्या पश्चिमेस, गोदावरीच्या काठी वसलेल्या आनंदवल्लीकडे भाविकांची रीघ लागते. तेथील गणपतीचे नावच मुळी ‘नवशा’. कोणी पुत्रप्राप्तीसाठी, कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी नोकरीसाठी, तर कोणी घरातील दुखणेकऱ्याला आराम पडावा म्हणून या देवापुढे हात जोडतो. इच्छा पूर्ण झाली की नारळ, पेढे, दूर्वांची जुडी घेऊन तोच भाविक पुन्हा येतो आणि नवस फेडतो. श्रद्धेचा हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही. संकटात सापडलेल्या माणसाने देवाला हाक मारू नये, तर कोणाला मारावी?

तथापि या रांगेकडे थोडे निरखून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. नवस फेडण्यास आलेला भाविक परत फिरताना पुष्कळदा दुसरा नवस बोलून जातो. मुलाला नोकरी लागली, आता त्याचे लग्न जमावे. लग्न झाले, आता घर व्हावे. घर झाले, आता कर्ज फिटावे. पहिली इच्छा पुरी झाल्याचा आनंद देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंतही टिकत नाही. त्याची जागा दुसऱ्या इच्छेने घेतलेली असते. मागितलेले मिळाले, तर मन का निवत नाही? देव पावला, तर तृप्ती का पावत नाही? गणेशोत्सवाच्या मंगल पर्वात हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा असे आम्हांस वाटते. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी नाशिककरांना दूर जावयास नको. ते या गोदाकाठावरच विखुरलेले आहे.

गोदाकाठच्या दोन जावा

आनंदवल्ली हे नाव रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावरून पडले, असे सांगितले जाते. नवशा गणपतीच्या स्थानाशीही या दांपत्याची नावे परंपरेने जोडली आहेत. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत पुण्याच्या कारभारातून बाजूला झालेले राघोबादादा येथे वास्तव्यास असत. येथून नदीच्या वरच्या अंगास काही मैलांवर गंगापूर आहे. त्या गावी राघोबादादांच्या थोरल्या भावजय, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई राहत असत. एकाच घराण्यातील दोन जावा, एकाच नदीचा काठ आणि मनात एकच इच्छा: आपल्या माणसाने पेशवाईच्या गादीवर बसावे. दैवाची गंमत पाहा. ही इच्छा दोघींचीही पूर्ण झाली.

प्रथम राघोबादादांचे पाहू. पराक्रमात हा पुरुष कमी नव्हता. 1758 च्या एप्रिलात मराठी फौजा लाहोरात शिरल्या आणि पुढे अटकेपर्यंत पोहोचल्या, त्या मोहिमेचे नेतृत्व त्यांचेच. ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार मराठीला त्याच पराक्रमाने दिला. घरी मान, दारी फौज, नावाला दिगंत कीर्ती. इतके असूनही मनात एक सल राहिली. 1761 च्या जूनमध्ये नानासाहेब वारले आणि पेशवाईची वस्त्रे मिळाली ती सोळा वर्षांच्या माधवरावांना. पुतण्या धनी झाला, चुलता कारभारी राहिला. त्या दिवसापासून अटकेपारचे झेंडे राघोबादादांना सुख देईनासे झाले. जे मिळाले होते ते दिसेनासे झाले. जे मिळाले नव्हते तेवढेच डोळ्यांपुढे उरले.

पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. 1762 साली चुलत्या-पुतण्यांत लढाई जुंपली. 1768 च्या जूनमध्ये आमच्याच जिल्ह्यातील धोडपच्या किल्ल्याजवळ पुन्हा गाठ पडली. राघोबादादांचा पराभव झाला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत राहावे लागले. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे चिंतामणीच्या सान्निध्यात माधवरावांनी देह ठेवला. त्यानंतर नारायणराव गादीवर आले. आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, 30 ऑगस्ट 1773 रोजी, गारद्यांनी शनिवारवाड्यात त्यांचा खून केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. ‘काका, मला वाचवा’ ही त्यांची हाक आजही महाराष्ट्राच्या कानांत आहे.

त्या दिवशीची तिथी होती भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. अनंत चतुर्दशीस एक दिवस उरला होता. ज्या वाड्यात गणपतीचा उत्सव थाटाने होत असे, त्याच वाड्यात उत्सवाच्या दिवसांत हे घडले. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, म्हणजे पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही कथा सर्वतोमुखी आहे. तिला भक्कम पुरावा नाही, असे इतिहासाचे जाणकार सांगतात. म्हणून आम्हीही त्या माउलीवर तो ठपका ठेवीत नाही. पण अक्षर कोणी बदलले याहून मोठा प्रश्न असा, की धरण्याची इच्छा मारण्यापर्यंत पोहोचली कशी? वासनेच्या लेखणीत ‘ध’ आणि ‘मा’ यांत फार अंतर नसते, हेच त्या कथेचे मर्म होय.

इच्छा पुरी झाली, आणि मग

राघोबादादा पेशवे झाले. बारा वर्षे जिचा ध्यास घेतला, ती वस्त्रे अखेर अंगावर आली. पण ती किती दिवस राहिली? रामशास्त्री प्रभुण्यांनी खुनाचा जाब विचारला, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पदाचा त्याग करून ते निघून गेले. कारभारी मंडळी फुटली. बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदर किल्ल्यावर त्यांना पुत्र झाला, आणि चाळीस दिवसांचे ते बालक, सवाई माधवराव, पेशवे ठरले. राघोबादादांची पेशवाई एक वर्षही टिकली नाही.

यानंतर उरले ते वणवण फिरणे. गमावलेले पद परत मिळावे म्हणून 6 मार्च 1775 रोजी त्यांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि साष्टी व वसई देण्याचे कबूल केले. एका इच्छेची किंमत म्हणून थोरल्या पिढीने रक्त सांडून मिळविलेला मुलूख तागडीत पडला. सात वर्षे लढाया झाल्या. 17 मे 1782 रोजी सालबाईचा तह होऊन दरमहा 25,000 रुपयांची नेमणूक पदरी पडली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. राघोबादादा कोपरगावास येऊन राहिले आणि 1783 च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा अंत झाला. कोपरगावही गोदावरीकाठचेच. आनंदवल्लीच्या घाटाला स्पर्श करून गेलेले पाणीच पुढे कोपरगावाला जाते. अटकेपर्यंत गेलेला हा पुरुष अखेर त्याच पाण्याच्या काठी विसावला; पण मधली वीस-बावीस वर्षे त्याच्या मनाला विसावा म्हणून मिळाला नाही.

गोपिकाबाईंची कथा याहून करुण. त्यांचे थोरले पुत्र विश्वासराव 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडले. दुसरे पुत्र माधवराव पेशवे झाले, परंतु मायलेकरांत बेबनाव होऊन त्या नाशिककडे येऊन राहिल्या. माधवराव ऐन तारुण्यात क्षयाने गेले. तिसरे पुत्र नारायणराव पेशवे झाले आणि मारले गेले. दोन पुत्र गादीवर पाहण्याचे भाग्य फार थोड्या मातांना लाभते. ते या बाईंना लाभले, आणि दोघांचेही मृत्यू ऐकणे त्यांच्याच कपाळी आले. गंगापूर आणि पंचवटीच्या परिसरात स्नान, जप, व्रते यांत उरलेले दिवस घालवून 1788 मध्ये त्यांनी देह ठेवला. नातू सवाई माधवराव यास त्यांनी दिनचर्येविषयी लिहून पाठविलेला उपदेश इतिहासात प्रसिद्ध आहे. सत्तेची सारी फळे चाखून झाल्यावर या बाईंनी नातवाला शिकविले ते वेळेवर उठणे, स्नानसंध्या, अभ्यास आणि वडीलधाऱ्यांचा मान. यातच पुष्कळ काही आले.

आनंदीबाईंचीही इच्छा फळास आली, पण केव्हा? त्यांचे पुत्र बाजीराव 10 जानेवारी 1775 रोजी धार येथे जन्मले. धाकटे चिमाजी आप्पा जन्मले ते पित्याच्या मृत्यूनंतर. 1793 च्या सुमारास हे कुटुंब कोपरगावाहून पुन्हा आनंदवल्लीस आणले गेले आणि 1794 मध्ये आनंदीबाई वारल्या. 1796 च्या डिसेंबरात बाजीराव पेशवे झाले. ते पाहावयास आई नव्हती. बापाने जे मागितले ते मुलाला भरभरून मिळाले. आणि 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह करून, 3 जून 1818 रोजी इंग्रजांच्या स्वाधीन होऊन, ब्रह्मावर्तास सुमारे बत्तीस वर्षे पेन्शन खात ते जगले. इच्छा फळली, त्या फळात पेशवाईचा शेवट होता.

सोन्याचे हरीण

नदीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली आले की पंचवटी लागते. सीतागुंफेच्या दारी, पाच वडांच्या छायेत रामायणातील जो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो, तो याच प्रश्नाशी येऊन भिडतो. जगन्मातेची ती लीला होती, ही आपली श्रद्धा आहे. लीला शिकविण्यासाठी असते. म्हणून तिच्यातून काय शिकावयाचे ते पाहू.

सीतामाईंनी राज्य सोडले, दागिने सोडले, महालातील शय्या सोडली. वनवासाची तेरा वर्षे कंदमुळांवर आनंदाने काढली. आणि अखेरच्या टप्प्यावर एक सोनेरी हरीण दारावरून गेले. वाल्मीकींच्या कथेत त्यांची मागणी स्वार्थीदेखील नाही. ते जिवंत सापडले तर अयोध्येस नेऊ, घरच्या माणसांना त्याचे कौतुक वाटेल, असा मायेचा विचार तीत आहे. लक्ष्मणाने धोक्याची सूचना दिली. तो मारीच असावा, असे स्पष्ट सांगितले. पण मनाने एकदा आकृती धरली की सूचना कानावरून जाते.

पुढे काय झाले हे आपण जाणतोच. मात्र एका तपशिलाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. श्रीरामांचा बाण हरणाला लागला. म्हणजे ज्याचा पाठलाग केला ते साधले. आणि त्या क्षणी तेथे हरीण नव्हते! तेथे राक्षस पडलेला होता, आणि मरतामरता त्याने मारलेल्या हाकेने आश्रमातील सर्वस्व हिरावले गेले. सोने दिसले ते केवळ पाठलागाच्या वाटेवर. आपल्या लहानमोठ्या इच्छांचेही असेच असते. दुकानाच्या काचेआड असताना जी वस्तू झळाळते, ती घरी आणल्यावर चार दिवसांत फडताळातील इतर वस्तूंसारखी होते. ती झळाळी वस्तूची नव्हती. आपल्या आणि तिच्यामधल्या अंतराची होती.

असे का होते?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी मनाच्या घसरणीच्या पायऱ्या क्रमाने सांगितल्या आहेत. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, मग मोह, स्मृतीचा भ्रंश आणि बुद्धीचा नाश. राघोबादादांचे चरित्र या पायऱ्यांवर ठेवून पाहावे. एकही पायरी रिकामी राहत नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या क्रमाची सुरुवात वस्तू मिळण्या-न मिळण्यापासून होत नाही. ती चिंतनापासून होते. वस्तू हाती येवो वा न येवो, मन ज्या वाटेला लागले ती वाट चालूच राहते.

वेदान्ताचे आचार्य याहून खोल जातात. ते विचारतात, इच्छा पुरी झाल्यावर क्षणभर सुख होते हे खरे; पण ते सुख येते कोठून? वस्तूतून येत असते तर वस्तू असेपर्यंत टिकले असते. ते येते मनाच्या थांबण्यातून. हवे होते ते मिळाले, म्हणून ‘हवे हवे’ ही धावपळ क्षणभर थांबली. त्या थांबलेल्या मनात आपल्याच स्वरूपाचा आनंद उमटला. आपण मात्र समजतो, आनंद वस्तूने दिला. आणि पुन्हा दुसऱ्या वस्तूमागे धावत सुटतो. हाडूक चघळणारे कुत्रे स्वतःच्याच हिरड्यांतून आलेल्या रक्ताची चव हाडकाची समजते, हा जुना दृष्टान्त येथे नेमका लागू पडतो.

भागवताच्या एकादश स्कंधात, आणि म्हणून पैठणच्या एकनाथ महाराजांच्या टीकेतही, पिंगलेची कथा येते. विदेह नगरीची ही गणिका धनवान पुरुषाची वाट पाहत अर्धी रात्र दारात ताटकळली. आत जाई, बाहेर येई; झोप नाही, चैन नाही. शेवटी तिची आशा सुटली. आणि आशा सुटताच ती निवांत झोपली. तिला हवे होते ते मिळाले नाही. तरी शांती मिळाली. राघोबादादांना हवे ते मिळाले. शांती मिळाली नाही. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, म्हणजे सुखाचे मूळ प्राप्तीत नाही हे वेगळे सांगावयास नको.

अलीकडच्या शास्त्रज्ञांनीही आपापल्या पद्धतीने या प्रश्नाचा वेध घेतला आहे. 1978 साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या 22 जणांची त्यांच्याच परिसरातील इतर सामान्य माणसांशी तुलना केली. लॉटरीवाले फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. उलट न्याहारी, मित्राशी गप्पा अशा रोजच्या साध्या गोष्टींतील त्यांची गोडी कमी झालेली दिसली. पुढील संशोधनाने या निष्कर्षात काही दुरुस्त्या केल्या. सर्वच माणसे सारखी सरावत नाहीत, आणि पैशाने आयुष्याविषयीचे समाधान काहींच्या बाबतीत वाढतेही, असे दिसून आले. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी तर दाखवून दिले, की एखादी गोष्ट ‘हवी’ वाटणे आणि ती ‘आवडणे’ यांच्या मेंदूतील यंत्रणा वेगवेगळ्या आहेत. म्हणजे न आवडणारी गोष्टही अतिशय हवीहवीशी वाटू शकते! तृष्णा आणि तृप्ती या दोन निराळ्या बहिणी होत, हे आमच्या ऋषींनी ध्यानातून जाणले होते. आता प्रयोगशाळाही त्या बाजूला वळली आहे.

व्यवहारात पाहिले तर तीन कारणे ठळक दिसतात. पहिले, मन सरावते. नव्या घराच्या भिंती वर्षभरात जुन्या होतात. दुसरे, मन तुलना करते. आपल्या घरापेक्षा शेजाऱ्याचा मजला मोठा दिसतो. राघोबादादांना सलत होते ते आपले दारिद्र्य नव्हे, पुतण्याचे पद. तिसरे, मिळालेल्या वस्तूबरोबर ती जाण्याचे भय येते; नारायणरावानंतर गादीवर बसलेल्या चुलत्याला एका न जन्मलेल्या बालकाचे भय वाटावे, याहून मोठा पुरावा कोणता? नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जात आहेत. सुख जर नोटांतून येत असते तर ते सर्वांत आधी आमच्या या नगरीत भरून वाहिले असते!

मागावे की मागू नये?

मग नवस बोलूच नये काय? असा निष्कर्ष कोणी काढील तर तो एकांगी होईल. आमच्या धर्माने काम हा चार पुरुषार्थांत गणला आहे. त्याला धर्माची मर्यादा घातली आहे एवढेच. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी भक्त भगवंतांना विशेष प्रिय. तरी संकटाने गांजलेला आणि काही मागावयास आलेला, अशा भक्तांनाही त्यांनी उदारच म्हटले आहे. आजाऱ्याला औषध हवे, भुकेल्याला भाकरी हवी, मुलाला शाळा हवी. या इच्छा पुऱ्या झाल्या म्हणजे खरोखर दुःख कमी होते. यांना वासना म्हणणे म्हणजे निर्दयपणा होय.

तसेच न्यायाची मागणी ही तृष्णा नव्हे. पंचवटीतील काळाराम मंदिराच्या दारी 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. माणुसकीचा हक्क मागणाऱ्या त्या हजारो बांधवांना ‘इच्छा सोडा, समाधानी राहा’ असा उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नव्हता. वैराग्याचा उपदेश माणसाने प्रथम स्वतःला करावा. ज्याच्या ताटात काही नाही त्याला करू नये. भरल्या ताटावर बसूनही ज्याची नजर शेजारच्या ताटावर आहे, त्याच्यासाठी हा विचार आहे. आणि खरे सांगावयाचे तर आज आपल्यापैकी पुष्कळांची ताटे आजोबा-पणजोबांच्या ताटांपेक्षा भरलेली आहेत.

द्राक्षवेलीची छाटणी

उपाय कोणता, हे आमच्या जिल्ह्यातील बागायतदाराला विचारावे. द्राक्षाची वेल मोकळी सोडली तर ती मांडवभर पसरते; पाने, फुटवे, तणावे यांचा नुसता जंजाळ होतो आणि घड धरत नाहीत. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा तिच्यावर कात्री चालते. बागायतदार वेल उपटून टाकीत नाही. तिला वाट्टेल तशी वाढूही देत नाही. कोणती काडी ठेवावयाची आणि कोणती काढावयाची याचा विवेक हाच त्याचा धर्म. इच्छांचेही तसेच आहे. त्या समूळ उपटण्याचे सामर्थ्य योग्यांचे. गृहस्थाश्रमी माणसाने वर्षातून दोनदा तरी कात्री हाती घ्यावी.

गणेशपूजनात याची सोय आधीच करून ठेवली आहे. पूजेच्या आरंभी आपण हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो. कोण, कोठे, कोणत्या काळी, कशासाठी पूजा करीत आहे, हे त्यात स्पष्ट उच्चारावे लागते. म्हणजे देवापुढे बसण्यापूर्वी आपल्या इच्छेचे नाव घ्यावे लागते. नाव घेतले की ती पारखता येते. ही गरज आहे की हौस? शेजाऱ्याकडे नसती तर मला ती हवीशी वाटली असती काय? ती पुरी होताना कोणाचे काही हिरावले जाणार आहे काय? हे तीन प्रश्न राघोबादादांनी आनंदवल्लीच्या घाटावर स्वतःस विचारले असते, तर मराठ्यांच्या इतिहासाची काही पाने निराळी लिहिली गेली असती.

आणि नवस फेडण्याच्या दिवशी दुसरे काहीही मागू नये. तो दिवस केवळ कृतज्ञतेचा असावा. घरातील सर्वांनी एकत्र बसून, काय मागितले होते, किती दिवस मागितले होते आणि ते कसे मिळाले, याची आठवण करावी. मिळालेल्यातील थोडे, ज्याला ते मिळालेले नाही त्याला द्यावे. मुलाला नोकरी लागली असेल तर एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा भार उचलावा. प्राप्तीचा आनंद साठवला तर आटतो. वाटला तर काही काळ टिकतो. मोदकांचा नैवेद्य देवापुढे ठेवून आपण तो प्रसाद म्हणून वाटतो, त्यातील खूण हीच आहे.

मागण्याची एक थोर रीतही याच गोदामाईच्या परिसराने महाराष्ट्राला दाखविली आहे. नदीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरी, निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांचे शिष्य आणि धाकटे बंधू ज्ञानेश्वर महाराज यांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण केली आणि मग पसायदान मागितले. मागणे तेही होते. पण समाजाने ज्यांना वाळीत टाकले होते, त्या भावंडांपैकी एकाने स्वतःसाठी घर, धन, मान यांतले काही मागितले नाही. साऱ्या जगाचे कल्याण मागितले. म्हणून सातशे वर्षे लोटली तरी ते मागणे शिळे झाले नाही. स्वतःपुरती इच्छा पुरी होताच मरते. सर्वांसाठी केलेली इच्छा माणसाला पुरून उरते.

विसर्जनाचा धडा

या उत्सवाचा सर्वांत मोठा धडा मात्र अखेरच्या दिवशी मिळतो. ज्या मूर्तीची आपण वर्षभर वाट पाहतो, जिला वाजतगाजत घरी आणतो, जिच्यात प्राणप्रतिष्ठा करतो, जिच्यासाठी आरास मांडतो, ती मूर्ती कोणी दीड दिवसांनी, कोणी पाच दिवसांनी, कोणी अनंत चतुर्दशीला आपल्याच हातांनी पाण्यात सोडतो. जगातील सर्वांत प्रिय वस्तू घट्ट धरून न ठेवता तिचा निरोप घेण्याचे शिक्षण घरातील लहान मूलदेखील त्या दिवशी घेते. त्याचे डोळे भरून येतात, आणि पुढच्या वर्षी लवकर येण्याचे आमंत्रणही तेच देते. मूर्ती कायमची घरात राहिली असती तर चार दिवसांत तिच्यावर धूळ बसली असती. ती जाते, म्हणून तिचा आनंद दरवर्षी नवा राहतो.

शनिवारवाड्यात 1773 च्या त्या भाद्रपदात अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी जे घडले, त्याच्या मुळाशी न सोडता येणारी एक इच्छा होती. यंदा विसर्जनाला निघताना आपण मूर्तीबरोबर आपल्या इच्छांपैकीही एखादी सोडून द्यावी: शेजाऱ्याकडे पाहून जन्मलेली, अनेक वर्षे सलणारी, पुरी झाली तरी सुख न देणारी. रिकाम्या पाटावर थोडी वाळू आणि चार दूर्वा घेऊन आपण घरी परततो, त्या वेळी मन कसे हुरहुरते आणि तरीही कसे शांत असते, याचा अनुभव प्रत्येक घराला आहे. त्या शांतीला नवस लागत नाही. विघ्नहर्त्याने यंदा आपणां सर्वांस ती शांती ओळखण्याची बुद्धी द्यावी, एवढेच मागणे.